नामांकनाआधीही चित्रपट पाहणे बंधनकारक हवे

संपादक महोदय,

ऑस्करची नामांकने जाहीर झाली की पुढचे काही दिवस चित्रपटप्रेमींमध्ये एकच चर्चा रंगते : कोणाला डावलले आणि कोणाची अनपेक्षितपणे वर्णी लागली. ही चर्चा मला मनापासून आवडते. आपल्याला भावलेल्या कामासाठी अनोळखी माणसांशी तावातावाने वाद घालावासा वाटणे हे चित्रपटावरच्या प्रेमाचेच लक्षण आहे. मात्र या वादात बहुतेकांचा रोख कुठल्या तरी निवड समितीवर असतो आणि तशी समिती मुळात अस्तित्वातच नाही. त्यामुळे राग खरा असूनही तो भलतीकडेच निघतो आणि ज्या नियमांमुळे असे निकाल लागतात, त्यांच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

नामांकने ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या वेगवेगळ्या शाखा ठरवतात. अभिनयासाठीची नावे अभिनेते सुचवतात, दिग्दर्शनासाठीची दिग्दर्शक आणि संकलनासाठीची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सर्व शाखांचे सभासद मत देतात. त्यातच २०२२ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या जागा दहा निश्चित झाल्या आहेत, तर दिग्दर्शनाच्या पाचच आहेत. म्हणजे नामांकन मिळालेल्या किमान पाच चित्रपटांचे दिग्दर्शक यादीबाहेर राहणार, हे मतदानाआधीच ठरलेले असते. २०२४ मध्ये ‘बार्बी’ला आठ नामांकने मिळाली, पण दिग्दर्शनाच्या यादीत ग्रेटा गर्विग नव्हत्या आणि प्रमुख अभिनेत्रींच्या यादीत मार्गो रॉबी नव्हत्या, तेव्हा केवढा संताप उसळला होता. गर्विग यांना पटकथेसाठी आणि रॉबी यांना चित्रपटाच्या निर्मात्या म्हणून नामांकन होते, हे त्या गदारोळात बाजूलाच पडले. २०१३ मध्ये बेन अ‍ॅफ्लेक यांना ‘आर्गो’च्या दिग्दर्शनासाठी नामांकन मिळाले नाही, पण अमेरिकेतील दिग्दर्शक संघटनेचा पुरस्कार त्यांनाच मिळाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही ‘आर्गो’नेच पटकावले. मतदार बदलले की कौल बदलतो. त्यामागे कारस्थान असायलाच हवे असे नाही.

याहून महत्त्वाची आहे ती मतमोजणीची रीत आणि तिची चर्चा क्वचितच होते. अभिनयाच्या विभागात मतदार पाच नावे पसंतीक्रमाने लिहितो. समजा, ६०० मतपत्रिका आल्या. जागा पाच असल्याने ६०० ला सहाने भागून त्यात एक मिळवला जातो, म्हणजे १०१ मतांचा कोटा ठरतो. आधी फक्त पहिल्या पसंतीची मते मोजतात. ज्यांचा कोटा पूर्ण होतो त्यांचे नामांकन पक्के होते. ज्याला सर्वांत कमी मते आहेत तो बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या नावाकडे जातात. आता एखाद्या अभिनेत्रीचे नाव ४०० मतपत्रिकांवर तिसऱ्या क्रमांकावर असले, पण पहिली पसंती तिला फक्त दहाच जणांनी दिलेली असली, तर ती पहिल्या काही फेऱ्यांतच बाद होऊ शकते आणि त्या ४०० जणांचे कौतुक मोजणीपर्यंत पोहोचतच नाही. याउलट शंभर-सव्वाशे सहकाऱ्यांनी जिचे नाव हट्टाने पहिले लिहिले, ती थेट यादीत येते. सर्वांना आवडलेली व्यक्ती बाहेर आणि मोजक्यांना अतिशय आवडलेली व्यक्ती आत, हे कोडे अनेकदा या हिशेबातच सुटते.

२०२३ मध्ये ‘टू लेस्ली’साठी अँड्रिया राइजबरो यांना मिळालेले नामांकन या संदर्भात पाहावे. चित्रपट मोजक्याच चित्रपटगृहांत लागला होता आणि त्याची कमाई नगण्य होती. मात्र अनेक नामवंत कलाकारांनी त्यांच्या कामाची उघडपणे शिफारस केली आणि मतदानाच्या काळात सहकाऱ्यांना तो चित्रपट पाहण्याचा आग्रह धरला. अकादमीने प्रचाराची चौकशी केली आणि नामांकन कायम ठेवले. त्याच वर्षी व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर यादीत नव्हत्या, म्हणून अनेकांनी राइजबरो यांनाच दोष दिला. तो मला अन्यायकारक वाटला. सभासदांनी चित्रपट पाहिला आणि मत दिले, एवढेच तिथे घडले होते. खरा प्रश्न असा की, उरलेल्या अभिनेत्रींचे चित्रपट किती सभासदांनी पाहिले होते?

वाद योग्य जागी नेला की बदल होतो, हे याआधी दिसले आहे. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे अभिनयाच्या चारही विभागांतील वीसच्या वीस नामांकित कलाकार गौरवर्णीय होते. त्या वेळी टीकाकारांनी अमक्याऐवजी तमका एवढेच म्हणून न थांबता मतदार कोण आहेत, असे विचारले आणि जानेवारी २०१६ मध्ये स्त्रिया व वांशिक अल्पसंख्याक सभासदांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट अकादमीला जाहीर करावे लागले. ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत जागा मिळाली नाही म्हणून चाहते हळहळले, त्याच २००९ मध्ये पाचाऐवजी दहा नामांकनांचा निर्णय झाला होता.

एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने आणखी एक स्वागतार्ह नियम जाहीर केला. अंतिम फेरीत, म्हणजे नामांकितांमधून विजेता निवडताना, एखाद्या विभागात मत द्यायचे असेल, तर त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे सभासदाला बंधनकारक झाले. अकादमीच्या स्वतःच्या प्रक्षेपण सेवेवर काय पाहिले याची नोंद राहते. चित्रपटगृहात किंवा महोत्सवात पाहिला असल्यास कुठे आणि केव्हा ते कळवावे लागते. इतकी वर्षे हा नियम नव्हता, याचेच आश्चर्य वाटते. परंतु हे बंधन यादी तयार झाल्यानंतरचे आहे. ज्या चित्रपटासाठी प्रचाराला पैसा नव्हता आणि जो बहुतेकांनी पाहिलाच नाही, त्याचे नशीब त्याआधीच्या फेरीत ठरून गेलेले असते.

अलीकडच्या वर्षांत तीनशेच्या आसपास चित्रपट पात्र ठरतात. ते सगळे प्रत्येकाने पाहावेत असा आग्रह कोणी धरणार नाही. पण आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या विभागात प्राथमिक फेरीत मत देण्यासाठी ठरावीक संख्येने चित्रपट पाहण्याची अट आधीपासूनच आहे. तीच पद्धत अभिनय, दिग्दर्शन आणि पटकथेच्या शाखांना लावता येईल : प्रत्येक सभासदाला चिठ्ठी टाकून काही चित्रपट वाटून द्यावेत आणि ते पाहिल्याची नोंद झाल्यावरच मतपत्रिका खुली व्हावी. यामुळे सभासदांचे काम वाढेल, हे मान्य आहे. पण ज्या कामावर कलाकारांची वर्षे खर्ची पडली आहेत ते एकदा पाहण्याची अपेक्षा अवाजवी नाही.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की, पुढच्या नामांकनांच्या बातमीबरोबर मतमोजणीची ही रीत सविस्तर छापावी आणि ज्या विभागांत पाहण्याची अट नाही त्यांची नावे स्पष्टपणे द्यावीत.

आपला विश्वासू,
एक चित्रपटप्रेमी वाचक