पैसे भाडेकरूचे चालतात, तक्रार चालत नाही

दि. 26 नोव्हेंबर 2025

प्रति,
अपील अधिकारी, तक्रार निवारण विभाग,
पुणे

विषय: 11 नोव्हेंबरपासून बंद असलेले ब्रॉडबँड आणि भाडेकरूची तक्रार घेण्यास नकार

महोदय,

कोथरूडमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधले इंटरनेट 11 तारखेला सकाळी बंद पडले, ते आज सोळाव्या दिवशीही बंदच आहे. टीव्हीमागच्या पांढऱ्या डबीवर एलओएस लिहिलेला दिवा तेव्हापासून लाल लुकलुकतो आहे. त्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. फायबरमधून प्रकाश येत नाही, एवढेच. पण एवढे कळवायला मला न्यू जर्सीपर्यंत जावे लागले.

कनेक्शन घरमालकांच्या नावावर आहे आणि ते काका सध्या मुलाकडे तिकडे आहेत. पहिल्याच दिवशी मी कॉल सेंटरला फोन केला. उत्तर मिळाले, "मॅडम, रजिस्टर्ड नंबरवरूनच तक्रार घेता येते." मी म्हटले, पैसे मीच भरते. "हो मॅडम, पण ओनरना कॉल करायला सांगा." आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेबारा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ओटीपीसाठी झोपेतून उठवायचे जिवावर आले. संध्याकाळी त्यांनी स्वतः ॲपवर तक्रार टाकली. ती तिसऱ्या दिवशी आपोआप बंद झाली: "आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे." घरी कोणी फिरकलेही नव्हते.

दुसऱ्या तक्रारीनंतर 17 तारखेला एक मुलगा आला. त्याच्यावर माझा राग नाही, दिवसभरात चौदा घरे करायची आहेत म्हणाला. त्याने डबीची वायर काढून मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, फायबरमध्ये पॉवरच नाही. वायरींच्या डक्टमध्ये जोड सुटलाय. फायबर जोडायचे स्प्लायसिंग मशीन दुसऱ्या टीमकडे आहे, उद्या येतील." आमच्या सोसायटीचे रंगकाम चालू आहे, परांचीच्या दोरीने वायर ओढली गेली असावी असे त्याचे मत. दुसरी टीम आजवर आलेली नाही, तक्रार मात्र त्याच रात्री पुन्हा बंद झाली. दोन्ही तक्रारींचे डॉकेट क्रमांक, मेसेजचे फोटो आणि नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराचे पान सोबत जोडले आहे. इंटरनेटचे बिल मी भरायचे, हे त्या पानावर लिहिलेले आहे.

मी घरून लहान दुकानदारांची जीएसटीची कामे करते. 20 तारीख 3बी या मासिक जीएसटी रिटर्नची. उशीर झाला की पक्षकाराला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, रिटर्न निरंक, म्हणजे व्यवहार नसलेले, असेल तर 20. ती सगळी रिटर्न्स मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली बसून भरली, कारण रेंज तिथेच येते. याच काळात, 15 तारखेला, तुमचे 707 रुपये (599 अधिक 18 टक्के जीएसटी) माझ्या यूपीआयवरून वळते झाले. तेव्हा रजिस्टर्ड नंबर कोणी विचारला नाही.

मला ग्राहक मानायचे की नाही हा प्रश्न कंपनीने ठरवायचा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) नुसार मोबदला देऊन सेवा घेणारा ग्राहक असतोच, शिवाय त्याच्या संमतीने ती सेवा वापरणारा लाभार्थीही ग्राहक असतो. इथे संमती काकांची आहे आणि मोबदलाही मीच देते.

तुमच्या एका प्रतिनिधीने "घरमालकाकडे दाद मागा" असाही सल्ला दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्ये मालकाने तोडू नयेत अशा सोयींत पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई अशी नावे आहेत. कायदा 1999 सालचा, त्यात ब्रॉडबँड कुठून असणार? आणि काकांनी काही तोडलेलेच नाही. त्यांना यात ओढू नका.

ट्राय या दूरसंचार नियामकाचे सेवा गुणवत्तेचे नवे विनियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. घरच्या ब्रॉडबँडमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर पोस्टपेड असो वा प्रीपेड, ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. इथे पंधरवडा उलटला, तरी त्याबद्दल चकार शब्द नाही. कदाचित तुमच्या नोंदीत दोन्ही बिघाड "दुरुस्त" झालेले असल्यामुळे असेल.

म्हणून हे अपील. जोडणी ताबडतोब करून द्यावी आणि बंद दिवसांची नियमाप्रमाणे होणारी भरपाई पुढच्या बिलात वजा करावी. खात्यावर माझा मोबाइल नंबर पर्यायी संपर्क म्हणून नोंदवावा, काकांचे संमतीचे ईमेल सोबत आहे. दोन्ही तक्रारी कोणी आणि कशाच्या आधारे बंद केल्या, तेही लेखी कळवावे. अपिलाच्या निकालाला 39 दिवसांची मुदत आहे हे मला माहीत आहे, पण एका जोडाला तेवढे दिवस लागू नयेत. लागलेच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

डक्टची किल्ली वॉचमनकडे असते, दुपारी एक ते तीन तो जेवायला जातो. त्या वेळेत माणूस पाठवू नका. आणि या वेळी मशीन सोबत द्या.

आपली ग्राहक,
(सही)
सदनिका 302 ची भाडेकरू