हवेतून नको, पाण्यातून

भुसावळ

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार. केळीच्या बागेतले ओलाव्याचे सेन्सर अल्ट्रासाऊंडने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने, वायरशिवाय चार्ज करायचे, ही भाच्याच्या प्रोजेक्टची कल्पना वाचून फार आनंद झाला. पण माझं ऐकशील तर त्याला हवेच्या नादी लागू देऊ नकोस.

मी घरी करून पाहिलंय. गाडीच्या रिव्हर्स सेन्सरमध्ये असतात तसल्या ४० किलोहर्ट्‌झच्या दोन सिरॅमिकच्या चकत्या समोरासमोर धरल्या. वीज दिली की त्या थरथरतात, थरथरल्या की वीज देतात. एकीला सिग्नल, दुसरीला डायोडचा ब्रिज (उलटसुलट वीज एका दिशेला वळवणारा) आणि लाल एलईडी. दोन बोटांच्या अंतरावर एलईडी मिणमिणतो. चकती हळूहळू मागे सरकवली की मंदावतो आणि चारेक मिलिमीटरवर पुन्हा उजळतो, कारण ध्वनी दोघींमध्ये आपटत राहतो आणि दर अर्ध्या तरंगलांबीला जुळून येतो. बघत बसावंसं वाटतं! पण वीतभर दूर नेली की काळोख.

सिरॅमिक कठीण, हवा विरळ, त्यामुळे बहुतेक कंपन चकतीतच अडकतं. बाहेर पडतं ते पसरतं, शिवाय हवा मीटरमागे डेसिबलभर खाते. मध्ये केळीचं पान आलं तर संपलंच. अमेरिकेतल्या युबीम कंपनीने फोन वायरशिवाय चार्ज करण्यासाठी १४५ ते १५५ डेसिबलचा ध्वनी वापरायचं ठरवलं होतं. १४५ डेसिबल म्हणजे फोनच्या पाठीएवढ्या जागेवर जेमतेम तीन वॅट, आणि त्याची वीज होताना पुन्हा गळती. तो चार्जर बाजारात आलाच नाही. आपल्या खान्देशातल्या उन्हात बागेला छोटं सोलर पॅनल पुरे.

शरीराचं मात्र वेगळं. ते बहुतांशी पाणीच. १ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी मांसातून जाताना सेंटिमीटरला साधारण अर्धा ते एकच डेसिबल घटतो, आणि तरंगलांबी दीड मिलिमीटर असल्याने झोत बारीक जागी नेमका आणता येतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यात ठोके ताळ्यावर ठेवणारा, तांदळाच्या दाण्याएवढा इलेक्ट्रोड बसवायचा आणि त्याला कातडीखालच्या यंत्रातून अल्ट्रासाऊंडने वीज द्यायची, अशा उपकरणाला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. त्या कप्प्यापर्यंत वायर न्यावी लागत नाही, म्हणजे ती तुटण्याची, तिच्यातून जंतुसंसर्ग होण्याची भीती नाही. प्रकाश, मला या कामाचं खरोखर मोल वाटतं.

म्हणून त्याला सांग, पाण्याचा टब घे, १ मेगाहर्ट्‌झच्या चकत्या घे आणि घेणारी चकती थोडी तिरकी झाली की किती वीज घटते ते मोज. श्वासागणिक हृदय हलतं, बरगड्या ध्वनी अडवतात. खरी अडचण तिथे आहे. मध्ये हाडाचा तुकडा धरूनही मोजायला सांग.

विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुटीत त्याला इकडे पाठवून दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुभाष