आमच्या नाटकातल्या तंबूचे खरे मालक सुभेदार काकाजी यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदार काकाजी,
सादर नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते न वाचता घडी करून खिशात घातलं असतं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं असतं. म्हणून आमच्या कोरियातल्या फौजी दवाखान्यावरच्या नाटकाला, फौजेतला तुमचा नर्सिंग असिस्टंटचा अनुभव देऊन, तुम्ही जी मदत केलीत तिच्याबद्दल चारचौघांत लिहितो आहे. आता सुटका नाही.

झाडीपट्टीबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, धान कापून झालं, दिवाळी सरली की मंडया म्हणजे गावजत्रा भरतात, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात, आणि त्या रात्री गावात नाटक असतंच. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो उजाडताना पडतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची रांगच आहे. पैसे मोजले की नट, नटी, पडदे, ऑर्गन सगळं गाडीत बसून गावात येतं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोकही आमच्या नाटकांची चौकशी करू लागलेत. आमचं मंडळ मात्र हौशी. निम्मे कलाकार ग्रामीण रुग्णालयातले: ब्रदर (म्हणजे पुरुष नर्स), लॅबवाला, गाडीचा ड्रायव्हर आणि गोळ्या देणारा मी. त्यामुळे यंदा दवाखान्याचं नाटक करायचं ठरलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. दिवसभर करतो तेच रात्री करायचं, वर टाळ्या.

आधी डॉ. कोटणीसांवर करायचं घाटत होतं. तुम्ही बीपीच्या गोळ्या न्यायला खिडकीशी आलात, आमची चर्चा ऐकलीत आणि सहज म्हणालात, "सोलापूरचे कोटणीस सगळ्याले माहीत हायेत. त्यायच्यासंग 1938 ले चीनले गेलेल्या पाच डॉक्टरात आपल्या नागपूरचे चोळकर होते, हे कोनाले माहीत हाय का?" कोणाला माहीत नव्हतं. वर म्हणालात, "आन् कोरियाचं तं कोनी नावच काढत नाही." गोळ्या घेतल्या आणि निघून गेलात. संध्याकाळी आम्ही सगळे तुमच्या ओसरीवर.

तिथे तुम्ही सांगितलंत ते लखनौला फौजेच्या वैद्यकीय ट्रेनिंगमध्ये तुमच्या उस्तादांकडून ऐकलेलं. 1950 च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. भारताने लढायला पलटण पाठवली नाही, दवाखाना पाठवला: '60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स' नावाचं फौजी युनिट, कमांडर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबरात ही माणसं दक्षिणेच्या बुसान बंदरात उतरली, तिथून वर उत्तरेत प्याँगयांगला गेली आणि गेल्या गेल्या माघारीतच सापडली. चिनी फौजा खाली सरकत होत्या. प्याँगयांग सोडा, सामान टाका आणि निघा, असा निरोप आला. सामान टाकलं तर दवाखान्यात उरतं काय? न्यायला मोटारी नव्हत्या. मग या लोकांनी एक जुनं वाफेचं इंजिन आणि डबे हुडकले, बादल्यांनी त्याच्या पोटात पाणी भरलं, आपल्यातलेच दोघे चालवायला उभे केले आणि सगळं सामान घेऊन सोल गाठलं. हे ऐकून आमचा ड्रायव्हर उठूनच उभा राहिला. म्हणाला, इंजिन मीच चालवणार.

पंधरवड्यात मी संहिता लिहून आणली. झाडीपट्टीच्या रीतीप्रमाणे एक गंभीर प्रवेश, मग विनोदी प्रवेश, मग गाणं. तंबूत डॉक्टर मातृभूमीवर बोलतात, जखमी त्यांना सलाम ठोकतो, पडदा. मग आमचा विनोदी नट आचाऱ्याच्या वेशात येतो आणि कोरियन कोबीवरून अर्धा तास लोकांना लोळवतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. सुपारी कातरत होतात. मग विचारलंत, "हे डॉक्टर लोकं कवा हासतेत?"

मी म्हटलं, ते नाही हसत काकाजी, ते गंभीर पात्र आहेत. विनोदाला वेगळा माणूस आहे.

"असं नसते बाप्पा," म्हणालात, आणि त्या रात्री पहिल्यांदा 1999 च्या द्रासबद्दल बोललात. गावात तुम्हाला निवृत्त होऊन आलेलं कितीतरी वर्षं पाहतोय. कारगिलला होतात एवढंच ठाऊक होतं. दिवसा रस्त्यावर वरून तोफांची नजर, म्हणून गाड्या रात्री, दिवे मालवून यायच्या. सलाईन थंडीने गोठू नये म्हणून तुम्ही नर्सिंग असिस्टंट लोक बाटल्या अंगातल्या कोटाच्या आत घालून बसायचे. कोणाच्या पोटाशी दोन, कोणाच्या तीन. आणि सर्जन साहेब आत येऊन विचारायचे, "कितवा महिना?" सगळा तंबू हसायचा. तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज यायचा आणि हसणं तिथल्या तिथे तोडून सगळे उठायचे.

मग ती मोज्याची गोष्ट. स्ट्रेचरवरचा पोरगा, डोळे मिटलेले, सारखं एकच विचारतोय, "पाय राहिला का?" तुम्ही बुटापासून वर कात्री चालवत नेली होतीत, पाय धड होता, मांस फाटलं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, "पाँव है भाई, मोजा नहीं मिल रहा." आणि तो पोरगा हसला, आणि हसता हसता रडायला लागला. तुम्ही हे सांगताना सुपारीचा अडकित्ता तसाच हातात धरून बसला होतात. मला त्या क्षणी माझी संहिता खाटेखाली सरकवावीशी वाटली.

पुढचे दीड महिने तुम्ही तालमीला आलात. आमच्यात भांडणं लागली ती तुमच्यामुळेच, हेही लिहायला पाहिजे. विनोदी नट रुसला. त्याच्या नावावर गर्दी येते, तिकिटं खपतात. त्याचा आचारी काढून त्याला स्ट्रेचर उचलायला लावलं. "माया विनोदाले टाळ्या पडतेत, काकाजी. स्ट्रेचर त कोनीबी उचलते," असं तो तुमच्या तोंडावर म्हणाला. तुम्ही चिडला नाहीत. त्याला मोज्याचं वाक्य दिलंत आणि बजावलंत, हे बोलताना हसायचं नाही, लोकांकडे पाहायचं नाही, कात्री थांबवायची नाही. तो आठ दिवस घुश्शात होता. मग एका तालमीत ते वाक्य त्याच्या तोंडून असं निघालं की स्ट्रेचरवर पडलेला आमचा लॅबवाला भूमिका विसरून उठून बसला.

सर्जनची भूमिका करणाऱ्या ब्रदरला तुम्ही शिव्या द्यायला शिकवलंत. (मंडईत आयाबाया बसतात म्हणून त्या आम्ही गाळल्या, चिमटा फेकणं ठेवलं.) सर्जन ओरडतो ते समोरच्यावर नसतं, आत रक्त थांबत नाही त्यावर असतं, आणि समोरच्याला हे माहीत असतं म्हणून तो उलट बोलत नाही, गॉजचे तुकडे मोजत राहतो. मोजणी जुळल्याशिवाय पोट शिवायचं नाही. सर्जन म्हणतो पटकन, मोजणारा म्हणतो एक कमी आहे. या "एक कमी आहे"वर सबंध प्रवेश उभा राहिला. कोणी मरत नाही, कोणी भाषण देत नाही, फक्त एक तुकडा सापडत नाही, आणि तीन-चारशे माणसं मंडपात श्वास धरून बसलेली मी पाहिली. सापडतो कुठे, तर सर्जनच्या कोपराला चिकटलेला. जे हसले लोक!

पण सगळ्यात मोठं देणं म्हणजे क्वार्टरमास्टर, फौजेच्या सामानाचा हिशोब ठेवणारा. जखमीसोबत घोंगडी गेली की तेवढीच रिकामी घोंगडी आणि स्ट्रेचर परत आलं पाहिजे, नाही तर उद्याच्या जखमीला काय घालणार, हा फौजेचा हिशोब तुम्ही समजावून सांगितलात. आमच्या दवाखान्यात चादरींचं जे होतं ते पाहता हे आम्हाला चटकन पटलं. म्हणून नाटकात एक हवालदार उभा केला, बगलेत रजिस्टर, कोणी मरो की जगो, "सही करा." पहिल्या अंकभर सगळे त्याला शिव्या घालतात. सर्जन तर त्याला तंबूबाहेर हाकलतो. आणि मग माघारीचा हुकूम येतो. मी रंगराज साहेबांच्या तोंडी दोन पानी भाषण लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "साहेबाले कायले बोलवता? ज्याले एकेक घोंगडी पाठ हाय तो बोलन ना." भाषण गेलं. हवालदार नुसती यादी वाचतो: स्ट्रेचर इतके, टेबल दोन, प्लाझ्मा इतका, यातलं काय टाकू सांगा. कोणाला सांगता येत नाही. मग आगगाडी.

आता नटीचा घोळ. लढाईच्या तोंडावरच्या तंबूत बाया नसायच्या, असं तुम्ही ठासून सांगितलंत आणि मंडळाचे अध्यक्ष खुर्चीवरून पडायचे राहिले. झाडीपट्टीत नटीशिवाय नाटक म्हणजे मिठाशिवाय वरण. तोडही तुम्हीच काढलीत. त्याच युनिटची एक तुकडी तेगू शहरात राहून तिथल्या लोकांवर उपचार करत होती, दवाखान्यात कोरियन कर्मचाऱ्यांना शिकवत होती. झालं, आमच्या नागपूरच्या ताई तेगूच्या परिचारिका झाल्या. गाणं एकच ठेवलं. अध्यक्ष अजून म्हणतात, दोन पाहिजे होती.

मार्च 1951 मध्ये कोरियातल्या मुनसानला अमेरिकी छत्रीधारी पलटणीसोबत रंगराज आणि त्यांच्या सर्जिकल टीमने उड्या घेतल्या, तो प्रवेशही मला करायचा होता. पॅराशूट कशाचं करायचं, ते वडशाच्या पडदेवाल्यालाही सुचलं नाही. राहू द्या म्हणालात, तेही बरं झालं. रंगराजांना महावीर चक्र मिळालं हे निवेदनात सांगून टाकलं.

मंडईच्या रात्री तुम्ही मागे, मंडपाच्या बांबूला टेकून उभे होतात. त्यामुळे एक गोष्ट तुम्हाला दिसली नसेल. इंजिनात पाणी भरायचा प्रवेश आला तेव्हा रंगमंचावर माणसं कमी पडत होती. ड्रायव्हरने ऐनवेळी बादली खाली प्रेक्षकांत दिली. खाली बसलेल्यांनी ती पुढे सरकवली. एकाची दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, बायांच्या बाजूने फिरून बादली वर आली. मग दुसरी, मग तिसरी. मधल्या एका आजोबांनी ओंजळभर पाणी पिऊन घेतलं आणि "चालू द्या" म्हणून बादली पुढे ढकलली. बॉयलरच्या पत्र्यामागे आम्ही गोवऱ्यांचा धूर केला होता, त्याने अध्यक्षांना खोकला लागला, आणि क्वार्टरमास्टर त्या सगळ्या गोंधळात उभा राहून बादल्या रजिस्टरमध्ये लिहीत होता. हे संहितेत नव्हतं. त्याने आपणहून केलं. नंतर विचारलं तर म्हणाला, काकाजींनी सांगितलं होतं, त्याचा हात कधी रिकामा दिसला नाही पाहिजे.

तर काकाजी, आभार. तालमींचे, मोज्याचे, घोंगड्यांचे, आणि माझं दोन पानी भाषण कापल्याचेही. द्रासबद्दल तुम्ही त्या रात्री जेवढं बोललात त्यापलीकडे आम्ही विचारलं नाही आणि विचारणार नाही. तुम्हाला वाटलं तर ओसरी आहेच.

पुढचा प्रयोग शेजारच्या गावच्या शंकरपटात आहे. यावेळी बांबूला टेकून उभं राहायचं नाही, पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची. काकूंनाही आणा. दव फार पडतं, मफलर विसरू नका. आणि महिन्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, सोमवारी खिडकीवर या.

आपला,
मंडळाचा लेखक आणि तुमच्या गोळ्या मोजून देणारा फार्मासिस्ट