‘कॅट राइस’ नव्हे, माऊचं मंमं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘शिन्या शोकुदो’ या जपानी मालिकेवर लेख आला आणि सकाळी आठच्या आत मला दोन शेजारणींचे फोन आले, “तुमच्या जपानवर आलंय हो पेपरात!” माझं जपान म्हणजे एवढंच, की पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी २६ वर्षं दुभाषी होते. जपानी इंजिनिअर आणि आपले फोरमन यांच्या मधे उभं राहायचं आणि एकाचा राग दुसऱ्यापर्यंत जरा कोमट करून पोचवायचा, ही माझी नोकरी. त्यामुळे मधल्या माणसाच्या हातून काय काय सांडतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आपल्या लेखकांनी मालिका इंग्रजी सबटायटल्सवर पाहिली, हे तिसऱ्या ओळीतच कळलं. त्यात गैर काही नाही, सगळ्यांनी जपानी शिकावं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायलं की थोडं गळायचंच, आणि या मालिकेतून गळतं ते नेमकं जेवण. ते बहुतेक जेवण सांगायला मराठीत शब्द तयार आहेत, ही माझी तक्रार.

नावापासून सुरुवात करते. शिन्या म्हणजे मध्यरात्र, शोकुदो म्हणजे खानावळ. लेखात ‘डायनर’ हा शब्द १६ वेळा आला आहे. (मोजला. निवृत्तीनंतर वेळ असतो.) खानावळ एकदाही नाही. डायनर म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिकेतला हमरस्ता आणि रेक्झिनची बाकं येतात. शोकुदोत मात्र एकटा राहणारा माणूस रोज त्याच जागी बसतो, आणि आज याने भात टाकला म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मालकाला न विचारता कळतं. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागतं का? पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी पिढ्या असल्याच जागी जेवल्या.

आबे यारो यांची ही मूळ चित्रकथा २००६ साली सुरू झाली, टीव्हीवर २००९ मध्ये आली, आणि २०१६ पासून नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. तोक्योतल्या शिंजुकूच्या एका बोळातली खानावळ रात्री १२ ते सकाळी ७ उघडी. भिंतीवरच्या यादीत चारच नावं: तोनजिरु या रश्श्याचं ताट, बिअर, साके, शोचू. दारू माणशी तीन, त्यापुढे नाही. बाकी जे सांगाल ते, सामान असेल तर, करून मिळेल. कोबायाशी काओरु यांनी उभा केलेला हा डोळ्यावर व्रण असलेला मालक ‘मास्टर’ म्हणून ओळखला जातो. लेखात त्याला ‘शेफ’ केलंय. त्याने ऐकलं असतं तर भुवईसुद्धा हलवली नसती, पण पुढच्या वेळी भात जरा कमी वाढला असता.

आता मांजर. पहिल्या पर्वाचा दुसरा भाग ‘नेको मम्मा’. एन्का म्हणजे जुन्या वळणाची दर्दभरी जपानी गाणी गाणारी, नाव न झालेली एक गायिका मध्यरात्री येते आणि हे मागते. गरम भात, त्यावर कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाचा कीस, दोन थेंब सोया सॉस, संपलं. पुढे तिचं गाणं गाजतं आणि नेमकी तेव्हाच ती आजाराने जाते. सबटायटल्समध्ये ‘कॅट राइस’, आपल्या लेखात ‘मांजराचा भात’.

नेको म्हणजे मांजर, बरोबर. पण मम्मा म्हणजे भात नव्हे. जपानी बाळ पहिला घास मागताना जे म्हणतं ते मम्मा. आपलं बाळ काय म्हणतं? मंमं! उष्ट्या भातावर माशाचा कीस टाकून मांजरापुढे ठेवायचा, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हा नेको मम्मा म्हणजे माऊचं मंमं. (भाषा बहिणी आहेत असा शोध कृपया कोणी लावू नये. ओठ मिटले की ‘म’ निघतो, कुठल्याही बाळाचा.) जाणती बाई अनोळखी पुरुषापुढे बसून ‘माऊचं मंमं मिळेल का’ असं विचारते, यात तिचा संकोच आहे, गरिबी आहे, आणि कोणीतरी भरवावं ही इच्छाही आहे. ‘कॅट राइस’मध्ये यातलं काय उरलं? तांदूळ.

कात्सुओबुशीला लेखात ‘माशाची पावडर’ म्हटलंय. ट्यूनाच्या घराण्यातला मासा उकडून, धुरावर पुन्हापुन्हा सुकवून लाकडासारखा कडक करतात. इतका कडक, की तो सुरीने कापत नाहीत, खोक्याला बसवलेल्या रंध्यावर घासतात. सुताराकडे जशा ढलप्या निघतात तशा याच्या निघतात आणि गरम भातावर पडल्या की वाफेने हलायला लागतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते जिवंत वाटलं होतं. आमच्या रत्नागिरीकडच्या मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, “सुकटीचा श्रीमंत भाऊ.” तिची व्याख्या मी वीस वर्षं जपानी पाहुण्यांना ऐकवली.

लेखाच्या शेवटी एक चौकट आहे, ‘शाकाहारींसाठी ओचाझुके उत्तम’. संपादक महोदय, ही चूक मात्र गंभीर आहे. ओचाझुके म्हणजे भातावर ओतलेला गरम चहा, दूध-साखर नसलेला हिरवा. पण पुष्कळ ठिकाणी चहाऐवजी दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं पातळ पाणी, ओततात, आणि नेहमीची दाशी याच कात्सुओबुशीची असते. १९८८ मध्ये मी प्रशिक्षणासाठी आठ महिने ओसाकात होते. घरून निघताना आईने शपथ घातलेली. स्टेशनजवळ एका आजींची खानावळ होती, तिथे मी रोज रात्री ‘मांस नको, मासा नको’ म्हणायचे आणि आजी मान डोलवून उकडलेला मुळा, पालक, कधी वांगं द्यायच्या. पाचव्या महिन्यात भाषा जरा बरी झाल्यावर मी विचारलं, या रसाला इतकी चव कशाची? त्यांनी हसत तो लाकडासारखा मासा काढून दाखवला. त्यांच्या दृष्टीने तो मासा नव्हताच, चव होती. आईला मी हे कधीच सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून पेपरात लिहिते आहे.

मालिकेत ओचाझुके खाणाऱ्या तिघी मैत्रिणी आहेत, लग्नाची वाट बघणाऱ्या. एकीला उमेबोशी लागतं, दुसरीला साल्मन, तिसरीला ताराको म्हणजे खारवलेली गाबोळी. (लेखात ‘कॅव्हिआर’. गाबोळी शब्द विसरण्याइतके आपण समुद्रापासून लांब गेलो का?) उमेबोशीला ‘पिकल्ड प्लम’ म्हटलं की गोड काहीतरी वाटतं. उमे हे जर्दाळूच्या जवळचं फळ, ते भरपूर मिठात मुरवून मग भर उन्हाळ्यात तीन दिवस उन्हात वाळवतात. खारातली कैरी आठवा आणि तिला आणखी एक थप्पड मारा, तशी चव.

ओचाझुकेची एक गंमत लेखात यायला हवी होती, निदान पुण्याच्या आवृत्तीत. क्योतोत त्याला बुबुझुके म्हणतात. तिथे यजमानाने ‘थोडं बुबुझुके घेता का?’ असं विचारलं, तर पाहुण्याने उठून चपला शोधायच्या असतात, अशी आख्यायिका आहे. क्योतोकर म्हणतात, हे आमच्याबद्दल बाहेरच्यांनी पसरवलं. ओसाकाच्या आजींनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे ‘चहा घेऊनच आला असाल’ म्हणतात. त्या दिवशी त्यांनी मला मुळा फुकट दिला.

बटर राइसबद्दल लेखकांनी लिहिलंय, ‘इतका साधा पदार्थ जपानी लोकांना इतका प्रिय का, हे कोडंच आहे.’ त्या भागात एक नावाजलेला खाद्यसमीक्षक येतो, सगळ्यांना वाटतं आता हा खानावळीची चिरफाड करणार, आणि तो मागतो गरम भात आणि लोणी. लोणी भातात खुपसायचं, वितळेपर्यंत थांबायचं, मग सोया सॉसचा थेंब. यात कोडं कसलं? मेतकूट-भातावर तुपाची धार सोडून ती जिरेपर्यंत थांबलेल्या माणसाला यातलं काय समजत नाही? उलट त्या थांबण्यातच सगळं आहे, आणि दिग्दर्शकाने कॅमेराही तेवढा वेळ थांबवलाय. म्हणून मी त्याला ‘तूपभात’ म्हणेन का? नाही. लोण्याला जपानी स्वयंपाकघरात परदेशी पाहुण्याचा वास आहे, आपलं तूप घरचं. शब्द जवळचा नसेल तर मूळचाच ठेवावा. ‘लोणी-भात’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

तोनजिरुला ‘पोर्क सूप’ म्हटलंय. तोन म्हणजे डुक्कर, जिरु म्हणजे रस्सा. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोतला हा रस्सा वाडग्यात येतो तेव्हा त्यात मांस थोडं आणि मुळा, गाजर, कंदच जास्त असतात. त्यातच राखाडी रंगाचे, रबरासारखे तुकडे असतात, त्यांना लेखकांनी ‘जेली’ ठरवलं. ते कोन्न्याकु. ज्या कंदाच्या पिठात चुन्याचं पाणी घालून ते थिजवतात तो कंद आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद आहे, वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच. दोघेही कच्चे खाल्ले तर घसा खाजतो. आपण सुरणाला चिंच-आमसूल लावून वठणीवर आणलं, त्यांनी चुना लावून. मिसो मात्र मी ‘आमटी’ म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवते.

अंड्याच्या सँडविचचाही एक भाग आहे. वर्तमानपत्रं टाकून शिकणारा एक विद्यार्थी आणि एक नटी. तो आपल्या धंद्यातला, म्हणून आपल्याला आवडेल. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. तो पान आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगीजांनी जहाजातून उतरवले, एक नागासाकीकडे आणि एक गोवा-वसईकडे.

लाल विनर सॉसेजबद्दल लेखात ‘फूड कलर वापरलेलं निकृष्ट मांस’ एवढंच आहे. खरं आहे, निकृष्टच. स्वस्त मालाचा रंग झाकायला तो लाल रंग आला. पण पहिल्याच भागात रियू नावाचा याकुझा, म्हणजे टोळीतला गुंड, काळा चष्मा लावून ते खायला येतो तेव्हा मास्टर त्या सॉसेजला चिरा देऊन तव्यावर टाकतो आणि पाय फाकून त्याचे छोटे आठपाये तयार होतात. असे आठपाये जपानी आई मुलाच्या डब्यात घालते. डब्यात! ‘बेंतो बॉक्स’ लिहायची गरज काय होती? मराठीत ‘डबा’ म्हटलं की आईची पहाट, मधली सुट्टी, दुसऱ्याच्या डब्यातला हवासा वाटणारा पदार्थ, सगळं न सांगता येतं. दुसऱ्या पर्वात रियूच्या शाळेच्या दिवसांची गोष्ट येते, तेव्हा हे सॉसेज कशासाठी ते उलगडतं. शेजारी बसलेले कोसुझु-सान गे बार चालवतात, त्यांना गोड तामागोयाकी, म्हणजे गुंडाळलेलं अंड्याचं ऑम्लेट, लागतं. दोघे बशा बदलून एकमेकांचं चाखतात, तेही फार न बोलता. आणि ते त्या गुंडाला ‘रियू-चान’ म्हणतात. पेठेतल्या दादाला कोणी ‘बाळू’ म्हणावं तसं. सबटायटल्समध्ये नुसतं ‘रियू’.

शेवटचं, म्हणजे मला सगळ्यात टोचलेलं. प्रत्येक गिऱ्हाईक घास घेण्याआधी ‘इतादाकिमास’ म्हणतं, लेखात त्याचं ‘चला खाऊया’ झालं आहे. इतादाकु म्हणजे मुळात डोक्यावर घेणं. आपण प्रसाद हातात आला की कपाळाला लावतो, नेमकं ते. उठताना म्हणतात ‘गोचिसोसामा’. त्यातल्या चिसोचा अर्थ धावाधाव, पाहुण्यासाठी सामान जमवायला झालेली. ‘फार धावपळ झाली हो तुमची’ असं दारात चपला घालताना माझी मावशी म्हणायची, आणि आजोबा पानावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’. इंग्रजीला हे जमलं नाही, तिचा इलाज नाही. आपला होता.

मालिकेतल्या जेवणाची मांडणी ईजिमा नामी या बाईंनी केली आहे आणि बहुतेक भागांच्या शेवटी त्या पदार्थाची एखादी युक्ती असते, ती लेखकांनी बहुधा ‘पुढचा भाग’ दाबून घालवली. त्यांनी रागावू नये. त्यांच्यामुळे मी तीन रात्री जागून सगळी पर्वं पुन्हा पाहिली, आणि आमचे हे दोनदा उठून विचारून गेले की एवढ्या रात्री भात कशाला लावलास.

आपली,
एक निवृत्त दुभाषी, कोथरूड, पुणे

ता. क. : पत्र लांबलं आहे, कात्री लागणार हे जाणून आहे. पाव काढला तरी चालेल, सुरण काढलं तर वाईट वाटेल. मांजराला हात लावू नये.