औषधातल्या नळ्यांचा खरा फोटो छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॅनो औषधांवरचा लेख वाचला. लेख मनापासून आवडला. पण सोबतचं चित्र, म्हणजे निळे चमकणारे गोळे आणि मागे लालभडक रक्तवाहिनी, हे संगणकावर काढलेलं आहे आणि खाली तसं कुठेही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटणार, औषध आत असंच दिसतं. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ३१ वर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तंत्रज्ञ होते आणि आज असंच एक औषध माझ्या घरच्या फ्रीजमध्ये आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींची गाठ, निघाला. तेव्हापासून दर २८ दिवसांनी लॅनरिओटाइडचं इंजेक्शन असतं. सिस्टर यायच्या अर्धा तास आधी सिरिंज फ्रीजमधून बाहेर काढून ठेवायची, पाकीट मात्र फोडायचं नाही, हे काम माझं. आत जेमतेम अर्धा मिलिलिटर औषध, त्यात १२० मिलिग्रॅम पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. पातळ नाही, चिकट जेल, फिक्कट पिवळसर. सुई जाड असते आणि दट्ट्या सावकाश दाबावा लागतो. तेवढा वेळ हे उशीत तोंड खुपसून पडतात आणि मी त्यांचा हात धरून बसते.

हे जेल म्हणजे काय? आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं, इतर संप्रेरकांना आवर घालणारं संप्रेरक असतं. १९७३ साली त्याचा शोध लागला, पण रक्तात ते दोन-तीन मिनिटांतच मोडून जातं. त्याचंच काम करणारं, आठ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड म्हणजे लॅनरिओटाइड. हळूहळू सुटावं म्हणून बरीच औषधं एखाद्या पॉलिमरच्या कणांत भरतात. इथे तसं वाहन लागत नाही. पाण्यात हे रेणू आपणहून एकमेकांना धरतात, त्यांची भिंत होते आणि भिंत वळून नळी होते. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं की या नळ्या आतून पोकळ असतात आणि सगळ्या एकाच रुंदीच्या, २४ नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशा अडीच-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. औषधही तेच आणि औषधाचं कोठारही तेच.

आता ही नळी बघायची कशी? साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचे तपशील वेगळे दिसत नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉन लागतात. पण पेप्टाइड म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन, सगळे हलके अणू. इलेक्ट्रॉन त्यांच्यातून जवळजवळ तसेच निघून जातात आणि पडद्यावर नुसतं धुकं दिसतं.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं एक संशोधक विद्यार्थिनी डायफेनिलअॅलनिनचं सॅम्पल घेऊन आली होती. दोनच अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यातून उचललेलं आहे, आणि त्याच्याही नळ्या होतात, हे तेल अवीवच्या प्रयोगशाळेनं २००३ सालीच दाखवलं होतं. तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी, म्हणजे आमची ग्रिड, चिमट्यात धरायची. तिच्यावर कार्बनचा पापुद्रा. त्यावर सॅम्पलचा एक थेंब. मिनिटभरानं फिल्टर पेपरची कड थेंबाला नुसती टेकवायची की पाणी शोषलं जातं. मग युरेनिल अॅसिटेटचा थेंब. ही पिवळी बाटली आम्ही फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचो, उजेडात ती बिघडते. तोही थेंब टिपायचा, ग्रिड वाळवायची. युरेनियम जड, ते नळीच्या भोवती साचतं. पार्श्वभूमी काळी आणि नळ्या पांढऱ्या. इलेक्ट्रॉनच्या झोताखाली काही सेकंदांत त्या करपायला लागतात, म्हणून शेजारच्या जागेवर फोकस करायचा, मग हळूच सरकून एकदाच फोटो घ्यायचा. त्या दिवशी पहिली नळी पडद्यावर आली तेव्हा ती मुलगी एकदम गप्प झाली. असे क्षण मला माझ्या नोकरीनं पुष्कळ दिले.

पण तो फोटोही पूर्ण सत्य नसतो, हेही वाचकांना कळायला हवं. वाळताना पोकळ नळी चपटी होते आणि चपटी नळी मुळापेक्षा दीडपट रुंद दिसते. म्हणून सॅम्पल द्रवरूप इथेनमध्ये क्षणात गोठवून बर्फाच्या काचेत बघतात. या क्रायो पद्धतीला २०१७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिवाय न वाळवता क्ष-किरण टाकून नळ्यांचं माप काढता येतं. एका पद्धतीवर भिस्त ठेवून चालत नाही.

याचा रुग्णाशी संबंध असा. औषधात पेप्टाइड किती आणि किती शुद्ध, हे एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, चोख सांगते. पण त्यासाठी जेल आधी विरघळवावं लागतं, म्हणजे नळ्या मोडल्यावरच मोजणी होते. माल बरोबर आहे की नाही तेवढं कळतं, बांधणी कळत नाही. आणि २८ दिवस पुरणं हे बांधणीवरच अवलंबून आहे. अशी औषधं आता वाढत जाणार. सोळा अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड रक्ताला लागताच धाग्यांची जाळी होऊन रक्तस्राव थांबवतं. अमेरिकेत २०२१ पासून एंडोस्कोपीत त्याच्या वापराला परवानगी आहे. ही सगळी औषधं तपासायला सूक्ष्मदर्शक लागतील आणि ते चालवणारे हातही लागतील. मी निवृत्त झाले ती जागा अजून भरलेली नाही. कोट्यवधींचं यंत्र आठवड्यातले बरेच दिवस कव्हरखाली असतं आणि मुलं सॅम्पल घेऊन महिना-महिना थांबतात. याचं मला फार वाईट वाटतं. विद्यापीठांनी यंत्र घेतानाच तंत्रज्ञाची कायम जागाही मंजूर करून घ्यावी.

शरीरात गेल्यावर तर गोष्ट आणखी अवघड. चमकणारा रंग जोडावा तर आठ अमिनो आम्लांच्या रेणूला ते ओझंच होतं, नळीची घडीच बदलू शकते. ह्यांचा पेट स्कॅन (शरीरात सोडलेला किरणोत्सर्गी पदार्थ कुठे साचला ते दाखवणारी तपासणी) होतो तो वेगळ्या, किरणोत्सर्गी गॅलियम जोडलेल्या पेप्टाइडवर. त्या गॅलियमचं अर्धायुष्य फक्त ६८ मिनिटं. ते ट्यूमरच्या त्याच कुलपांना जाऊन चिकटतं जिथे आमचं औषध चिकटतं, म्हणून डॉक्टर स्कॅनची तारीख पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधीची देतात. स्कॅनवर ट्यूमर दिसतो. नळ्या दिसत नाहीत.

गेल्या मे महिन्यात आमची सिरिंज कुरियरनं आली तेव्हा खोका ओलसर होता आणि आतले बर्फाचे पॅक कोमट झाले होते. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मी सिरिंज खिडकीशी उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली. जेल नेहमीसारखंच दिसत होतं. ३१ वर्षं या डोळ्यांनी दिसत नाही तेच बघायचं काम केलं आणि घरच्या माणसाच्या औषधाचं काय झालंय ते मला सांगता येईना. 'मॅडम, नेहमी असंच येतं,' असं केमिस्ट म्हणाले. डॉक्टरांनी ती वापरू नका म्हणून सांगितलं. दुसरी सिरिंज यायला पाच दिवस गेले. गाठीच्या संप्रेरकांना आवर घालणारं औषध लांबलं आणि त्या दिवसांत ह्यांना जुलाबांनी हैराण केलं.

पोलिओच्या लशीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. बाटलीनं उष्णता सोसली की तो गडद होत जातो, आणि भोवतालच्या वर्तुळाच्या रंगाचा झाला की बाटली टाकून द्यायची. १९९६ पासून ही सोय आहे आणि आपल्या गावोगावच्या आशाताई तो चौकोन बघूनच डोस देतात. अनेक हजार रुपयांच्या या सिरिंजच्या पाकिटावर तसा चौकोन का नाही? तो नळ्या दाखवणार नाही, हे मला माहीत आहे. वाटेत औषध किती तापलं एवढं तरी दाखवेल. अन्न व औषध प्रशासनानं फ्रीजमधल्या सगळ्या पेप्टाइड औषधांना तो सक्तीचा करावा आणि आपल्या वृत्तपत्रानं ही मागणी लावून धरावी, अशी माझी विनंती आहे.

राहता राहिलं चित्र. माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पेप्टाइड नळ्यांचे फोटो आहेत, कृष्णधवल, खाली स्केल बारसकट, म्हणजे माप दाखवणाऱ्या रेघेसकट. आपण छापणार असाल तर रीतसर परवानगी काढून मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तंत्रज्ञ,
कोथरूड, पुणे