आमचा गोऱ्हा नापास करणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

वीर्य केंद्रासाठी निवडलेला आमचा संकरित गोऱ्हा रक्ततपासणीत बाद झाला, एवढं फोनवर सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही गोठ्यावर आलात, ओट्यावर बसून कारण समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार. जाहीर लिहितोय, कारण गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की तिला बाजार दाखवणारे आमच्याकडे बरेच आहेत.

तोवर गावात 'रोगी निघाला' अशी आवई उठली होती. आई दुधाला चांगली, गोऱ्हा अंगानं भरलेला. मग खोट कुठे? तुम्ही मोबाइलवर त्याच्या गुणसूत्रांचा फोटो दाखवलात. गाईबैलांत ती 60 असतात, याची 59 भरली, कारण 1 नंबरचं आणि 29 नंबरचं एकमेकांना चिकटलेलं. ऐवज शाबूत, म्हणून जनावर धडधाकट. घोटाळा होतो तो शुक्राणू घडताना, निम्म्यानं वाटणी करायच्या वेळी. काहींत एखादं गुणसूत्र जादा जातं, काहींत कमी पडतं. असे शुक्राणू पोहतात झकास, पण त्यांच्यापासून धरलेला गर्भ सुरुवातीलाच जिरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. खापर फुटतं गाईवर, नाहीतर कृत्रिम रेतन करणाऱ्या पोरावर. वळू नामानिराळा!

अशा वळूपासून गाभण राहण्याचं प्रमाण शेकडा 5 ते 10 नं घटतं म्हणालात. एका गोठ्यात ते ध्यानातही येणार नाही. पण केंद्रातल्या एका वळूच्या वीर्याच्या हजारो कांड्या गावोगाव जातात आणि साधारण निम्म्या वासरांत तोच जोड उतरतो. 1964 मध्ये स्वीडनच्या तांबड्या-पांढऱ्या गाईंत गुस्ताव्हसन यांनी तो नोंदवला आणि पुढे तिथे असे वळू रेतनातून काढले, हे ऐकल्यावर दादांचा राग निवळला.

त्याच फोटोतलं वाय गुणसूत्र बघून, बाप विलायती रक्ताचा, हे तुम्ही कागद न पाहता ओळखलंत. विलायती वायची आवळ, म्हणजे गुणसूत्राची आवळलेली जागा, जरा आत, आपल्या खिलारसारख्या देशी वंशात ती टोकाला. "माणसांचंही असं कळतं का हो?" हे विचारल्याबद्दल आमची मंडळी अजून चिडवून घेतात.

गोऱ्हा खच्ची करून घेतला. बाप आधीच तपासलेला, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे आईचं रक्त पाठवलंय. तिच्या कालवडींचंही घ्यावं का, तेवढं कळवा.

आपला,
एक दूध उत्पादक