अण्णा, फोटोला जायच्या आधी हे वाचा

श्टुटगार्ट, ९ मे

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही दोन मिनिटांत विषय संपवला म्हणून लिहायला बसलो, कारण फोनवर तुम्ही बरं बरं म्हणता आणि करायचं तेच करता. आई म्हणली, केबिनच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो आहेत, आता तुमचा लागणार, त्यासाठी उदगीरला स्टुडिओत जाऊन नीट फोटो काढून आणा म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही म्हणलालाव की आधार कार्डावरचाच मोठा करून लावा. आधारवरचा! त्यात तुम्ही नुकतंच कुठून तरी पकडून आणल्यासारखे दिसता. आणि भिंतीवर फोटो म्हणजे पुढं हारच, हे जे तुमचं चाललंय ना, त्याला मी काय बोलू. ३१ मेला नुसतं रिटायर व्हायलाव, ते पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून टाकला म्हणून, आजी तर पोळ्याचा जन्म सांगायची. म्हणजे खरं बघता अजून तीन महिने सर्व्हिस शिल्लक आहे तुमची.

मला हे सगळं आत्ताच कळालंय, मागच्या महिन्यात मी पण फोटो काढला, नोकरी बदलायची आहे म्हणून. इथं जर्मनीत २००६ मध्ये भेदभावाविरुद्ध कायदा आला, तेव्हापासून अर्जावर फोटोची सक्ती करता येत नाही, तरी लोक लावतातच, मग आपण कशाला मागं राहा. फोटोग्राफर बाईंनी आधी एक मेल पाठवला होता, काय घालावं काय नको, तो मी वाचलाच नाही (तुमचाच मुलगा). लातूरला गंजगोलाईतून घेतलेला तो बारीक चौकड्यांचा शर्ट घालून गेलो. पहिलाच फोटो स्क्रीनवर बघितला तर शर्टभर रंगीत लाटा! दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की नसलेलं डिझाइन दिसायला लागतं बघा, तसंच, कापडाच्या बारीक रेषा एक जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचे ठिपके दुसरी. बाईंनी त्यांच्याकडचा साधा गडद निळा शर्ट दिला, तो मला दोन माणसं मावतील एवढा, मग पाठीमागून चिमटे लावून आवळला. पुढून साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं. आदल्या दिवशी कटिंग केली होती, कानामागं पांढरी पट्टी दिसतीय ती वेगळीच. तुम्ही आठ दिवस आधी करा.

आता तुमचं. आई म्हणली नवा सफारी शिवा म्हणलं तर ऐकनात. आई, ह्यावेळी अण्णांचं बरोबर आहे. नवं कापड फुगतं, खांद्यावर बसत नाही, आणि पोरांनी तुम्हाला त्या बिस्किट कलरमध्येच बघितलंय. तोच घाला, फक्त दुसरं बटण लोंबतंय ते टाचून घ्या आणि इस्त्री झाल्यावर घडी घालू नका, हँगरला लावून न्या आणि तिथंच घाला, घडीची रेघ डोळ्याला दिसत नाही पण स्टुडिओच्या लाइटमध्ये बरोबर उठून येते. गळ्यातून बनियन दिसत नाही ना बघा. पाठीमागं क्रीम किंवा पांढरा पडदा असेल तर सरळ नाही म्हणा, सफारी त्यात विरघळून जाईल, करडा नाहीतर गडद निळा मागा, आणि ते धबधब्याचं तर अजिबात नको. बसल्यावर सफारीचा शर्ट वर सरकून गळ्यापाशी गोळा होतो, तो मागून खाली ओढून त्याच्यावरच बसायचं, एकदम ताठ दिसतं.

खिसा रिकामा करा. मोबाइल, डायरी, कुणाकुणाच्या रजेचे अर्ज, अडकित्ता सगळं आईकडं. पेन मात्र राहू द्या. लाल निळा दोन्ही. मी फोटोग्राफर असतो तरी काढू दिले नसते.

चष्मा सगळ्यात महत्त्वाचा. तुमचा उन्हात काळा होणारा आहे, मे महिन्यात स्टँडपासून चालत स्टुडिओत गेलात की फोटोत गॉगल घातलेले मुख्याध्यापक! तो उन्हानं लगेच काळा होतो पण उतरायला वेळ घेतो, म्हणून वाटेत डबीतच ठेवा, आत जाऊन बसल्यावर घाला. काढून फोटो देऊ नका, नाकावरच्या दोन खुणा दिसतात आणि तुम्ही तुम्ही वाटत नाही. काचेत लाइट चमकला तर कानावरच्या काड्या जराशा वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते, हे मला बाईंनीच शिकवलं, मी आपला मान खाली घालून बसलो होतो आरोपीसारखा.

मेंदी लावायची तर चार दिवस आधी, आदल्या रात्री नको, कपाळाला डाग राहतो. मिशीला तो काळा कलर मात्र नकोच, भुवया पांढऱ्या आणि मिशी डांबरी, कशाला. दाढी सकाळी निवांत करा, उलट्या हातानं खरडू नका, मान लाल होते. तेल त्या दिवशी नाही. पावडर थापू नका, फ्लॅशमध्ये पांढरीफटक दिसते, साधा रुमाल न्या आणि प्रत्येक फोटोआधी कपाळ पुसा. ऊन वाढायच्या आत, नऊ साडेनऊलाच जा.

आणि स्टुडिओतल्या त्या पोराला आधीच सांगा, गोरं करायचं नाही, सुरकुत्या पुसायच्या नाहीत. मागं काकांचा करून दिला तो बघून काकूच विचारत होत्या कुणाचा आहे म्हणून. मला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर साइज कमी होऊन येतो.

आईला सोबत न्याच, कॉलर वाकडी झाली की ते पोरगं काही सांगणार नाही, आई सांगेल. आणि तिथं आहातच तर दोघांचा एक काढा, लग्नानंतरचा नीट असा एकही नाही आपल्याकडं, मी इथं सगळा अल्बम चाळला. आई, तू ती पोपटी नेसू नकोस, चटक रंगाची झाक हनुवटीवर येते. जांभळी नेस, नारळी काठाची.

तुमचा,
बंडू